एनबीए २के: डिफेन्स मागे सरकला, तर शॉट कोणी घ्यायचा?

एनबीए २के या बास्केटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये असं नेहमी होतं: समोरचा डिफेंडर (बचाव करणारा) सहा-सात फूट मागे उभा, रिंगखाली गर्दी, आणि तुमचा खेळाडू थ्री-पॉइंट लाइनवर एकटा. हात शिवशिवतात, बटण दाबलं जातं, बॉल रिमवर आपटून बाहेर. ही मोकळी जागा बहुतेक वेळा मुद्दाम दिलेली असते, म्हणून आधी ती कोणाला दिली आहे ते बघा.

हिशोब साधा आहे. लाइनबाहेरचा शॉट (थ्री) तीन पॉइंटचा, आतला दोनचा. ३६ टक्के थ्री मारणारा १०० शॉट्समध्ये १०८ पॉइंट काढतो. लाइनच्या एक पाऊल आतून ४२ टक्क्यांनी मारलेले शॉट ८४ पॉइंट देतात. २८ टक्केवाल्याचे थ्रीसुद्धा ८४च देतात, आणि प्रतिस्पर्ध्याला तेच हवं असतं. २०१५च्या एनबीए प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) वॉरियर्स संघाने आपला सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) बोगट याला प्रतिस्पर्धी संघाच्या टोनी ॲलनवर लावलं ते याच हिशोबाने: ॲलनला बाहेरून मारू द्यायचं आणि बोगटला रिंगजवळ ठेवायचं.

त्यामुळे मॅचआधी रोस्टरमध्ये (खेळाडूंच्या यादीत) प्रत्येकाचं थ्री-पॉइंट रेटिंग (गेमने दिलेले गुण) बघून ठेवा. ८० किंवा वर असेल तर मोकळा शॉट बिनधास्त घ्या. सत्तरीतल्याने पास झेलून, पाय स्थिर असतानाच मारावं. ड्रिबल करत मारायच्या फंदात पडू नये. त्याखालच्याला बाहेरून शॉट नाहीच.

मग त्याला करायचं काय? स्क्रीन लावायला बोलवा, म्हणजे तो शूटरच्या डिफेंडरच्या वाटेत उभा राहून त्याला अडवेल. खरी गंमत इथे आहे. त्याचा डिफेंडर रिंगजवळ बसलेला असल्यामुळे स्क्रीनपाशी मदतीला कोणी नसतं. बॉल तुमच्या चांगल्या शूटरकडे द्या आणि कंट्रोलरवरचं एल१ (प्लेस्टेशन) किंवा एलबी (एक्सबॉक्स) बटण दाबून धरा. स्क्रीन लागली की तिला खेटूनच वळा. शूटरचा डिफेंडर अडकला की लगेच थांबून थ्री मारा. लांबून वळलात तर तो मधून निसटून येतो आणि सगळी मेहनत वाया जाते. रिंगजवळ बसलेला पुढे धावत आला, तर स्क्रीन लावणारा आत मोकळा सुटतो, पास त्यालाच.

दोन्ही कॉर्नरमध्ये शूटर ठेवा. कॉर्नरची लाइन २२ फुटांवर आहे, वरची २३ फूट ९ इंचांवर. पण कॉर्नरमध्ये लाइन आणि साइडलाइन यांच्यात जेमतेम ३ फूट जागा असते. पास झेलल्यावर खेळाडू हलवणाऱ्या स्टिकला हात लावलात की पाय लाइनवर पडून थ्रीचे दोन होतात, नाहीतर खेळाडू थेट बाहेर. झेला आणि मारा, बस्स.

शॉट फीडबॅक (शॉट कसा मारला ते स्क्रीनवर सांगणारी गेममधली सोय) चालू ठेवा. ‘वाइड ओपन’ असूनही शॉट हुकत असतील, तर टायमिंग लवकर की उशिरा ते तिथेच कळतं. टायमिंग बरोबर असेल, तर शूटर चुकीचा निवडलाय.

डिफेन्स रिंगजवळ असताना ऑफेन्सिव्ह रिबाउंडसाठी (आपलाच हुकलेला बॉल परत मिळवायला) चौघांना आत पाठवू नका. लांबचा रिबाउंड त्यांच्या हाती पडला की फास्ट ब्रेक (वेगवान प्रतिहल्ला) ठरलेला. दोन-तीन थ्री पडल्यावर डिफेंडर अंगाशी येऊ लागला, की त्याच पझेशनपासून (बॉल तुमच्याकडे असतानाच्या खेळीपासून) ड्राइव्ह, म्हणजे बॉल घेऊन रिंगकडे घुसणं, सुरू करा.