पायलट टिकत नाही? गॅस फ्रायरच्या दुरुस्तीत नव्याने उतरणाऱ्यांसाठी

गॅस फ्रायरच्या कामात नवीन असलेल्या कोणाशीही बोला, पहिली तक्रार हीच निघते. पायलट, म्हणजे मुख्य बर्नर पेटवणारी छोटी ज्योत, पेटतो, नॉब दाबून धरला तोवर जळतो, हात काढला की विझतो. कधी त्याहून छळवादी प्रकार असतो: पायलट छान उभा राहतो आणि मुख्य बर्नरने पेट घेतला की दोन्ही बंद. किचनमधली माणसं मागे खोळंबलेली, तुम्ही मल्टिमीटर घेऊन गुडघ्यावर बसलेले. ती घालमेल माझ्या अंगातून अजून गेलेली नाही, म्हणून हे लिहितोय.

चार पार्ट लक्षात ठेवा: पायलटच्या उष्णतेवर थोडीशी वीज बनवणारा थर्मोपाइल, त्या विजेवर गॅस उघडा धरणारा गॅस व्हॉल्व्ह, तेलाचं तापमान राखणारा थर्मोस्टॅट आणि तेल फार तापलं तर गॅस तोडणारा हाय लिमिट. इलेक्ट्रॉनिक बोर्डवर चालणारी मशीनं वेगळी. मी बोलतोय ते बाहेरची वीज न लागणाऱ्या, मिलिव्होल्टवर चालणाऱ्या फ्रायरबद्दल.

पायलट विझला की बहुतेक जण थर्मोपाइल बदलतात. तरी विझला की व्हॉल्व्ह बदलतात. तरीही विझला की मशीनलाच नावं ठेवतात. या साखळीत हाय लिमिट बघितलेलाच नसतो असं नाही. बघितलेला असतो, पण मल्टिमीटर बीपवर ठेवून, म्हणजे सर्किट जोडलेलं आहे का एवढंच सांगणाऱ्या कंटिन्युइटीवर. दोन्ही टोकांना प्रोब लावले, बीप वाजला, ‘हाय लिमिट ओके’. या बीपने मला फार रडवलंय, म्हणून इथे जरा जास्तच थांबतो.

बहुतेक मल्टिमीटर काही दहा ओमपर्यंतच्या रेझिस्टन्सलाही बीप देतात. घरच्या वायरिंगमध्ये तेवढं चालतं, कारण मागे भरपूर व्होल्टेज असतं. इथे थर्मोपाइल मोकळा, म्हणजे सर्किटपासून सोडवून, मोजला तर जेमतेम 500 ते 750 मिलिव्होल्ट देतो, म्हणजे एक व्होल्टसुद्धा नाही. त्या सर्किटचा सगळा रेझिस्टन्स मिळूनच मोजके ओम असतो. त्यात हाय लिमिटच्या काळ्या पडलेल्या कॉन्टॅक्टने किंवा तेलाची वाफ बसून चिकट झालेल्या टर्मिनलने आणखी दोन-तीन ओम घातले, की व्हॉल्व्हमधल्या पायलट कॉइलला, म्हणजे पायलटचा गॅस उघडा धरणाऱ्या कॉइलला, पुरेसा करंट उरत नाही आणि ती सुटते. बीप मात्र अगदी खणखणीत वाजतो.

मग मोजायचं कसं? सर्किट जोडलेलं, पायलट पेटलेला, नॉब दाबून धरलेला, मीटर डीसी मिलिव्होल्टवर, आणि प्रोब हाय लिमिटच्या दोन टोकांवर. चांगल्या हाय लिमिटवर जवळजवळ शून्य दिसतं, फार तर मोजके मिलिव्होल्ट. तिथे पन्नास-शंभर दिसले तर तेवढं व्होल्टेज वाटेतच खाल्लं जातंय. आधी टर्मिनल काढून स्वच्छ करा, घट्ट बसवा, पुन्हा मोजा. आकडा हलला नाही तर हाय लिमिट गेला. थर्मोपाइलही असाच लोडवर, म्हणजे सर्किट जोडलेलं असताना, मोजा. मोकळा असताना 600 दाखवणारा थर्मोपाइल लोडवर पार झोपू शकतो. लोडवर आकडा बराच खाली येणारच, त्याला घाबरू नका. किमान किती हवा ते मशीनच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. मुख्य बर्नर चालू झाला की व्हॉल्व्हची दुसरी, मुख्य गॅस उघडणारी कॉइलही त्याच थर्मोपाइलवर येते आणि आकडा आणखी उतरतो. बर्नर पेटताच सगळं विझण्यामागे पुष्कळदा हेच असतं.

थर्मोपाइलला दोष देण्याआधी पायलटची ज्योत बघा. ती निळी हवी आणि थर्मोपाइलच्या टोकाचा साधारण सेंटीमीटरभर भाग तिने वेढलेला हवा. पिवळी, लुळी ज्योत म्हणजे हवेच्या वाटेत किंवा पायलटच्या जेटमध्ये कचरा. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. काढून धुवा, फुंकर मारा, नाहीतर नवा लावा.

आता जे अजिबात करायचं नाही ते. हाय लिमिट डायरेक्ट करायचा नाही, म्हणजे त्याच्या दोन तारा एकमेकींना जोडून त्याला वगळायचं नाही. ‘सध्या चालू दे, पार्ट आला की लावू’ म्हणून तर नाहीच. तो साधारण 230 अंश सेल्सिअसच्या आसपास गॅस तोडतो. थर्मोस्टॅट चिकटला आणि हाय लिमिट डायरेक्ट असला तर तेल तापतच राहतं, आणि साडेतीनशे अंशांच्या पुढे कुठेतरी ते ठिणगीशिवाय आपणहून पेट घेतं. मालक कितीही ओरडला तरी मशीन बंद ठेवून निघा. ‘हे सगळे असंच करतात’ म्हणणारा उस्ताद कितीही अनुभवी असो, माझ्या मते त्याच्या हाताखाली राहू नये. ज्याच्या पेटीत गॅसचं प्रेशर मोजणारा मॅनोमीटर आहे आणि जो मोजल्याशिवाय पार्ट काढत नाही, त्याच्यामागे फिरा. पगार थोडा कमी असला तरी.

बदलायचं काम ऐकायला वाटतं तेवढं अवघड नाही, हेही सांगतो. पहिल्यांदा हात थरथरतात, तो त्रास जातो. गॅसचा कॉक बंद करा, तेल थंड होऊ द्या, टँक पूर्ण रिकामा करा. थर्मोस्टॅट आणि हाय लिमिटच्या तापमान ओळखणाऱ्या बल्बची कॅपिलरी, म्हणजे बारीक नळी, टँकच्या भिंतीतून फिटिंगमधून आत जाते, त्यामुळे तेल असताना फिटिंग सैल केली तर ते तुमच्यावरच येणार. कॅपिलरीला तीव्र वाक देऊ नका. एकदा दुमडली की नवा पार्टही गेला. बल्ब जुन्याच्याच जागी, त्याच क्लिपमध्ये. तेल तापवणाऱ्या हीट ट्यूबला टेकला तर थर्मोस्टॅट तेलाऐवजी ट्यूबचं तापमान वाचेल. थर्मोपाइलचा नट हाताने बसवून वर पान्याने पाव फेरा, बस. गॅसच्या आट्यांवर गॅससाठीचंच सीलंट, तेही फक्त बाहेरच्या आट्यांवर, टोकाचे दोन आटे कोरडे सोडून.

गॅस प्रेशर बर्नर चालू असताना बघा, आणि त्याच लाइनवरची बाकीची उपकरणंही चालू ठेवून. नैसर्गिक गॅसवर मॅनिफोल्डला, म्हणजे बर्नरला गॅस वाटणाऱ्या पाइपला, बहुधा 4 इंच वॉटर कॉलम (पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजलेलं प्रेशर) लागतं, एलपीजीवर 10 ते 11. नेमका आकडा नेमप्लेटवरचा धरा. प्रत्येक उघडलेल्या जोडाला साबणाचं पाणी लावा. काडी नाही. पायलट पुन्हा पेटवण्याआधी पाच मिनिटं थांबा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो.

तेल खुणेपर्यंत भरून तापवा आणि थर्मोस्टॅटला तीन-चार वेळा चालू-बंद होऊ द्या. पहिल्या फेरीत तापमान उडी मारतं, त्यावर कॅलिब्रेशन, म्हणजे थर्मोस्टॅटचा आकडा खऱ्या तापमानाशी जुळवणं, करू नका. थर्मामीटर बल्बजवळ धरून नंतरचे आकडे घ्या.

निघताना पुढच्या दाराच्या आतल्या बाजूला तारीख आणि तीन आकडे लिहून ठेवा: थर्मोपाइल मोकळा, थर्मोपाइल लोडवर, हाय लिमिटवर पडणारे मिलिव्होल्ट. पुढच्या सर्व्हिसला लोडवरचा आकडा बराच घसरलेला दिसला, तर पायलट विझायच्या आधीच, दुपारच्या निवांत वेळी, थर्मोपाइल बदलता येतो.