प्रादेशिक सेनेचं वार्षिक शिबिर: बॅरेकपासून हेलिपॅडपर्यंत

नोकरीधंदा सांभाळून वर्षातले काही आठवडे वर्दीत घालवणारी माणसं म्हणजे प्रादेशिक सेना, बोलीभाषेत टीए. 1948 च्या कायद्याने ती उभी राहिली आणि 9 ऑक्टोबर 1949 रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. महाराष्ट्रात पुण्याची 101 आणि कोल्हापूरची 109 या दोन पायदळ बटालियन मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेल्या आहेत. पायदळाच्या टीए बटालियनमध्ये वर्षाला साधारण दोन महिन्यांचं प्रशिक्षण शिबिर असतं. पहिल्या वर्षी एक महिन्याचं प्राथमिक प्रशिक्षणही असतं.

हेलिकॉप्टरमध्ये चढण्या-उतरण्याचा सराव प्रत्येक शिबिरात होतोच असं नाही. होतो तेव्हा उड्डाण दहा-पंधरा मिनिटांचं आणि तयारी दोन दिवसांची असते. ही तयारी खरं तर शिबिराच्या पहिल्या सकाळपासूनच चालू असते. पट्टा आवळणं, बटण लावणं, आपली वस्तू मोजून ठेवणं या बॅरेकमधल्या सवयी हेलिपॅडवर जीव वाचवतात. तिथे सैल राहिलेली वस्तू उडते, आणि उडालेली वस्तू एकतर पंख्यात जाते नाहीतर कुणाच्या तरी डोळ्यात.

निघण्याआधी

शिबिराचा आदेश हातात आला की त्याची प्रत अर्जासोबत कार्यालयात द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. लष्करी सेवेसाठी बोलावलेल्या माणसाला पुन्हा कामावर घेण्याची तरतूद या कायद्यात आहे, कलम 7-अ. तरी तोंडी सांगून निघालेल्या माणसाची रजा पुढे अडकते, ती या पोचेअभावीच. बँक पासबुकाची प्रत, पॅन, आधार, टीएचं ओळखपत्र आणि चालू औषधांची चिठ्ठी एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा.

बूट महिनाभर आधी घालायला लागा. कपाटातून काढलेले डीएमएस बूट (लष्कराचे रबरी तळाचे बूट) पहिल्याच दिवशी पाच किलोमीटरला घातले, तर संध्याकाळी एमआय रूमच्या, म्हणजे युनिटच्या दवाखान्याच्या, रांगेत उभं राहावं लागतं. आधी घरात तासभर, मग बाजारापर्यंत, मग पाठीवर आठ-दहा किलो घेऊन तीन-चार किलोमीटर, या क्रमाने जा. पायाची नखं सरळ रेषेत कापा; कोपरे गोल कापले की नख मांसात शिरतं. आत पातळ सुती मोजा आणि वर लोकरी घातला की घर्षण दोन मोज्यांमध्ये होतं, कातडी वाचते.

बिस्तरबंदात मच्छरदाणी आणि तिच्या चार दोऱ्या, दोन कुलुपं, सुई-दोरा, कपडे वाळवायला आठ-दहा मीटर नायलॉनची दोरी, टॉर्च, पायाची पावडर आणि चिकटपट्टी हवीच. बनियान सुतीच घ्या. आगीत नायलॉन वितळून कातडीला चिकटतं, म्हणून विमान आणि हेलिकॉप्टरच्या दिवशी अंगाला लागून कृत्रिम धाग्याचं काहीही नको.

शिबिरातला दिवस

वेळा युनिटप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे बदलतात, क्रम मात्र जवळपास ठरलेला असतो. उजाडायच्या आधी उठणं, चहा, पीटीचा फॉल-इन (रांगेत हजर होणं), नाश्ता, मग ड्रिल आणि शस्त्र प्रशिक्षण, दुपारी लंगरचं (शिबिराच्या स्वयंपाकघरातलं) जेवण, थोडी विश्रांती, मग खेळ किंवा साफसफाई, संध्याकाळी रोल कॉल. पाच वाजताचा फॉल-इन म्हणजे पाचला पाच कमी असताना रांगेत उभं असणं. त्यासाठी कपडे, बूट, मोजे आणि पाण्याची बाटली रात्रीच उशाशी लावून ठेवा, म्हणजे अंधारात हात घातला की सापडतात.

दहा महिने खुर्चीत बसलेलं शरीर पहिल्या आठवड्यात कुरकुरतं. सगळ्यात जास्त त्रास होतो तो नडगीच्या हाडाला आणि गुडघ्याला. धावण्याच्या ताकदीपेक्षा पायांची सवय कमी पडते. म्हणून घरी असताना महिनाभर आठवड्यातून तीनदा 2.4 किलोमीटर धावा आणि एकदा वजन घेऊन चाला. पूर्ण सामान आणि रायफलसह 5 किलोमीटरची चाचणी समोर असेल, तर बुटातच सराव करा. फोड आला तर त्याचं कातडं ओढू नका. निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढा आणि वरचं कातडं तसंच ठेवून पट्टी लावा. लपवून ठेवलेला फोड तीन दिवसांनी पिकतो आणि आठवडा वाया घालवतो. सिक रिपोर्टला, म्हणजे आजारी म्हणून डॉक्टरांना दाखवायला, जाण्यात कमीपणा काहीच नाही.

पाणी तहान लागण्याआधी घोट घोट प्या. लघवी गडद पिवळी झाली की शरीर मागे पडलं असं समजा. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात टाकायची, अर्ध्या बाटलीत नाही. दाट झालेलं मिश्रण पोटात गडबड करतं. डोकं दुखणं, चक्कर, घाम अचानक थांबणं यातलं काहीही सोबत्याला दिसलं, तर त्याला सावलीत घ्या, ओलं करा आणि लगेच उस्तादांना (प्रशिक्षकांना) सांगा.

हत्यार कोतमधून (शस्त्रं ठेवायच्या खोलीतून) घेताना बट नंबर, म्हणजे रायफलच्या दस्त्यावरचा क्रमांक, स्वतः वाचा आणि मगच रजिस्टरवर सही करा. शेजाऱ्याची रायफल घेऊन मैदानावर गेलेला माणूस दोघांची सकाळ खराब करतो. मोबाइलबाबत युनिटचा जो नियम असेल तो तंतोतंत पाळा. हेलिपॅडचा, हेलिकॉप्टरचा किंवा शस्त्रांचा फोटो काढायचा नाही. आपण कुठे आहोत हे घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकायचं नाही.

वजन खरं सांगा

उड्डाणाच्या आदल्या दिवशी नावांची यादी आणि प्रत्येकाचं सामानासह वजन लिहून घेतात. इथे बरीच जण अंदाजाने आकडा ठोकून देतात. 70 किलोचा जवान, 20 किलोचं सामान, चार किलोंच्या आसपास रायफल, त्यात पाणी आणि हेल्मेट धरलं की माणूस शंभरीला टेकतो. प्रत्येकाने पाच किलो लपवले, तर वीस जणांमागे एक क्विंटल बेहिशोबी वजन चढतं. एमआय-17 हे मोठं हेलिकॉप्टर आहे, पोटात चार टनांपर्यंत भार घेणारं. पण तो आकडा सर्व परिस्थितीत लागू नसतो. हवा तापली की विरळ होते, उंचीवर ती आणखी विरळ असते, आणि विरळ हवेत पंख्याला उचल कमी मिळते. म्हणून मे महिन्यातल्या दुपारी किंवा डोंगरमाथ्यावर वैमानिक वीसऐवजी बाराच जणांना घेतो आणि दोन फेऱ्या करतो. त्यावर वाद घालू नका. वजनकाट्यावर पूर्ण सामान चढवून आलेला आकडाच लिहा आणि नंतर त्यात काही भरू नका.

बांधाबांध

चढण्याआधी अर्धा तास जोडीदाराने एकमेकांना डोक्यापासून पायापर्यंत तपासायचं. हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा घट्ट. टोपी डोक्यावर नको, बटण लावलेल्या खिशात. बाह्या खाली, कॉलर बंद. स्लीपिंग मॅट पाठीवर नुसती खोचलेली असेल तर तिला दोन ठिकाणी दोरी. वायरलेसची अँटेना काढलेली किंवा आडवी बांधलेली. उभी अँटेना पंख्याखाली न्यायची नाही. संगीन उतरवलेली. मॅगझीन काढून चेंबर रिकामं असल्याची खात्री केलेली आणि सेफ्टी लावलेली.

रायफलची नळी आत बसल्यावर खाली, दोन गुडघ्यांच्या मध्ये धरायची. इंजिन, गिअरबॉक्स आणि मुख्य पंखा डोक्यावर असतात. चुकून गोळी सुटली तर ती तिकडे जाता कामा नये. विमानदलाच्या चमूने वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐका, कारण टाकी कुठे आहे हे त्यांना माहीत असतं.

कानात फोमचे बोळे घालण्याची रीत बहुतेकांना चुकीची येते. नुसता कानात दाबलेला बोळा आवाज अडवत नाही. स्वच्छ बोटांनी तो आधी सुतळीइतका बारीक वळा. दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर आणि मागे ओढा, म्हणजे कानाची नळी सरळ होते. बोळा आत सरकवा आणि फुगेपर्यंत, वीस-तीस सेकंद, बोटाने धरून ठेवा. बरोबर बसला की स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटतो. हे हेलिकॉप्टर यायच्या आधी करा, नंतर हात मोकळे नसतात. पुढचा संवाद खुणांनी होतो, म्हणून त्या खुणा आदल्या दिवशीच पाठ हव्यात.

पोट रिकामं ठेवू नका, भरूनही नको. दीड-एक तास आधी दोन पोळ्या किंवा केळं-बिस्किटं पुरे. मळमळीची गोळी स्वतःहून घेऊ नका. बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. डॉक्टरांना विचारा. उलटीसाठी पिशवी ठेवायची ती बटण लावलेल्या खिशातच, कारण हेलिपॅडवर मोकळी प्लॅस्टिकची पिशवी ही सगळ्यात वाईट गोष्ट. इंजिन ती आत ओढू शकतं. हेलिपॅडची साफसफाई तुमच्या तुकडीवर आली, तर आसपासचा परिसरही रांगेत चालत वेचा: पिशव्या, पत्रे, सुकलेल्या फांद्या, सुटे दगड. धूळ असेल तर पाणी मारा.

चढणं

तुकडी एका बाजूला, पाठ वाऱ्याला आणि चेहरा खाली करून, सामान धरून बसते. हेलिकॉप्टर टेकलं म्हणून कुणी उठायचं नाही. विमानदलाच्या माणसाने खूण केल्यावरच एका रांगेत, किंचित वाकून, चालत जायचं. धावलं की पाय अडकतो.

जायचं ते वैमानिकाला दिसेल अशा बाजूने, समोरून किंवा समोरच्या कोपऱ्यातून. शेपटीकडे कधीही नाही. फिरणारा शेपटीचा पंखा डोळ्यांना दिसतच नाही. चेतक आणि चीता या लहान हेलिकॉप्टरांचा तर माणसाच्या उंचीच्या जवळ येतो. एमआय-17 मध्ये मागच्या दाराने चढवतात तेव्हा दाखवलेल्या वाटेनेच आत जायचं. हेलिकॉप्टरच्या दुसऱ्या बाजूला जायचं असेल तर नाकासमोरून लांब वळसा घाला, शेपटीखालून नाही.

मुख्य पंख्याबद्दल लोकांचा समज उलटा असतो. पूर्ण वेगात फिरताना पाती ताठ असतात. सुरू होताना आणि बंद होताना ती लवतात, आणि वाऱ्याचा झोत आला की आणखी खाली येतात. म्हणून पंखा हळू झाला आहे, आता जाऊ, हा विचार घातक आहे. उतारावर टेकलेल्या हेलिकॉप्टरकडे चढाच्या बाजूने जाऊ-येऊ नका, कारण त्या बाजूला जमीन पात्याच्या जवळ आलेली असते. लांब वस्तू, म्हणजे स्ट्रेचरचे दांडे किंवा तंबूचे खांब, खांद्यावर नाही तर कमरेखाली आडव्या धरून न्या.

टोपी उडाली तर उडू द्या. तिच्यामागे धावणारा माणूस कुठे चाललाय हे पाहत नाही. धुळीने काहीच दिसेनासं झालं तर जागच्या जागी बसा आणि दिसू लागेपर्यंत हलू नका.

तुकडीचा प्रमुख दाराशी माणसं मोजतो आणि शेवटी चढतो. आत बसल्यावर पट्टा आधी, बाकी सगळं नंतर. तो मांड्यांवर खाली, घट्ट बसवा आणि बकल एकदा उघडून पुन्हा लावून पाहा. आपल्या सर्वांत जवळचं दार आणि आपत्कालीन खिडकी बोटाने मोजून ठेवा: माझ्यापासून उजवीकडे तीन सीट.

आत आणि बाहेर

मळमळ वाटली तर खिडकीतून दूर क्षितिजाकडे पाहा. उभं राहायचं नाही, दाराच्या कोणत्याही कडीला हात लावायचा नाही. आपत्कालीन उतरणं असेल तर पट्टा आवळा, वाका आणि सगळं थांबेपर्यंत पट्टा सोडू नका. आग नसेल तर पंखा थांबेपर्यंत बाहेरही पडू नका. पाण्यावर उतरलात तर एक हात दाराच्या कडेवर घट्ट, दुसरा बकलवर. लाइफ जॅकेट बाहेर आल्यावरच फुगवायचं. आत फुगवलं की ते तुम्हाला छताला चिकटवून ठेवतं.

उतरताना खूण मिळाली की पट्टा सोडा, आपलं सामान हातात खाली धरा, दाखवलेल्या दिशेला थोडं अंतर जा आणि तोंड बाहेरच्या बाजूला करून आडवे पडा. हेलिकॉप्टर निघून जाईपर्यंत तसेच राहा. ते वर उठताना झोत सर्वांत जोरदार असतो, नेमकी तेव्हाच माणसं उभी राहतात. आवाज ओसरला की प्रमुख पुन्हा मोजतो. चढताना आणि उतरल्यावरचा आकडा जुळेपर्यंत कुणी जागा सोडत नाही.

संध्याकाळी रायफल नेहमीपेक्षा जास्त वेळ मागते, कारण झोताने उडालेली बारीक माती नळीत, गॅसच्या भागांत आणि मॅगझीनच्या स्प्रिंगपर्यंत गेलेली असते. मॅगझीन पूर्ण खोलून कोरड्या कापडाने पुसा. पुल-थ्रूला (नळीतून ओढायच्या दोरीला) साफसफाईसाठी 4 × 2 इंचाची चिंदी लावा आणि ती पांढरी बाहेर येईपर्यंत बदलत ओढा. मग 4 × दीड इंचाच्या चिंदीवर थोडंसं तेल. आधी तेल लावलं तर माती त्यात मळते आणि घासून नळीची झीज करते. दुसऱ्या दिवशी सकाळी एक कोरडी चिंदी पुन्हा ओढून पाहा, खाचांमधली उरलेली माती रात्रभरात तेलाबरोबर सुटून त्यावर येते.