कन्सोलवरचा उड्यांचा गेम फोनवर आणताय? या चुका टाळा

इंदूरला राजेंद्रनगरात आमच्या घरी गणपतीत दहा दिवस पोरांचा राबता असतो. एकदा संध्याकाळच्या आरतीनंतर मी त्यांच्या हातात दोन फोन दिले. फोनवर होता आम्ही तिघं मित्र ज्यावर खपत होतो तो गेम. मूळचा कन्सोलवरचा, धावणं, उड्या आणि तलवार असा अ‍ॅक्शन-प्लॅटफॉर्मर. बाहेरगावच्या एका स्टुडिओने तो फोनवर आणायचं काम आम्हाला दिलं होतं. माझा अकरा वर्षांचा भाचा तिसऱ्या दरीत पडला. पुन्हा पडला. चौदाव्यांदा पडल्यावर म्हणाला, "मामा, मी दाबलं होतं."

तो खरंच बोलत होता. मी त्याच्या अंगठ्याकडेच बघत होतो. कन्सोलच्या हातात धरायच्या पॅडवर अंगठ्याला बटणाची कड लागते, दाबल्याचं कळतं. काचेवर काहीच लागत नाही. आमच्या बहुतेक चुका ही एक गोष्ट विसरल्यामुळे झाल्या. पुढची शीर्षकं म्हणजे खेळणाऱ्यांच्या तक्रारी. तुमच्याकडे यातली जी येईल, तिथून वाचा.

"मी दाबलं होतं"

आधी मोजा, मग कोडला हात लावा. दुसऱ्या फोनचा स्लो-मोशन कॅमेरा सेकंदाला २४० फ्रेमवर (चित्रांवर) लावा. खेळणाऱ्याचा अंगठा आणि स्क्रीन दोन्ही दिसतील असा धरा आणि दहा उड्या टिपा. अंगठा काचेला टेकल्यापासून पात्र जमिनीवरून सुटेपर्यंत किती फ्रेम जातात ते मोजा. एक फ्रेम साधारण ४ मिलिसेकंदांची. हा अर्ध्या तासाचा उद्योग आहे आणि त्याने आमचे दोन आठवड्यांचे वाद मिटले.

आमच्याकडे उशिराची दोन कारणं निघाली. पहिलं म्हणजे, युनिटी या गेम बनवायच्या इंजिनातलं तयार बटण आम्ही तसंच उचललं होतं. ते 'क्लिक' मोजतं बोट उचलल्यावर. मेन्यूसाठी हे योग्य आहे, कारण चुकून दाबलं तर बोट बाजूला सरकवून सुटता येतं. उडीसाठी मात्र हे विष आहे. उडी बोट टेकताक्षणी सुटली पाहिजे. 'पॉइंटर डाउन' (बोट टेकल्याची खूण) धरा, 'क्लिक' नको.

दुसरं कारण सापडायला वेळ लागला. गेम सेकंदाला ६० फ्रेम काढत होता, पण फिजिक्सची पायरी (हालचाल आणि धडकांचा हिशेब दर किती वेळाने होतो ते) युनिटीच्या मूळ सेटिंगवर, म्हणजे ०.०२ सेकंदावर राहिली होती. सेकंदाला ५० पायऱ्या. म्हणजे दर सहा फ्रेमांपैकी एकीत फिजिक्स चालतच नव्हतं. 'बटण आत्ता दाबलं का' ही तपासणी आम्ही फिजिक्सच्या पायरीत ठेवली होती आणि ते उत्तर एकाच फ्रेमपुरतं खरं असतं. त्यामुळे साधारण सहातली एक उडी हवेत विरून जायची. भाच्याचं म्हणणं शब्दशः खरं होतं. उपाय सोपा आहे: इनपुट दर फ्रेमला वाचून साठवा, फिजिक्सच्या पायरीत ते वापरा आणि पायरी १/६० सेकंदावर आणा.

जाता जाता हेही बघा: फ्रेमरेट सांगितला नाही तर युनिटी फोनवर सहसा ३० फ्रेमच देतं. ते आपल्या हातानं ६० करावं लागतं.

हे सगळं निस्तरल्यावर मग क्षमेकडे वळा. चांगल्या प्लॅटफॉर्मरमध्ये कड्यावरून पाय सुटल्यावरही काही फ्रेम उडी मिळते, त्याला कोयोटी टाइम म्हणतात. तसंच जमिनीला टेकण्याच्या थोडं आधी दाबलेली उडी लक्षात ठेवली जाते, तो बफर. मूळ गेममध्ये दोन्ही सहा-सहा फ्रेम होते, म्हणजे १०० मिलिसेकंद. काचेवर ते अपुरे पडले. आम्ही कोयोटी टाइम आठवर आणि बफर नऊवर नेला. बारा फ्रेमही करून पाहिले, पण मग पात्र चक्क हवेतून उडी मारताना दिसायला लागलं आणि पोरांनीच ते पकडलं. आकडा खेळणाऱ्याला दिसायच्या आत थांबायचं.

"उडी अर्धीच जाते"

ही चूक इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात सापडली. थंडीत रात्री आम्ही तिघं गराडू (तळलेला कंद) खात उभे होतो, तेलकट बोटांनीच एकाने गेम उघडला आणि त्याच्या उड्या निम्म्याच जायला लागल्या. घरी कोरड्या बोटांनी हे कधी झालं नव्हतं.

बटण धरून ठेवलं तर उंच उडी, लगेच सोडलं तर बुटकी, ही पद्धत १९८५च्या सुपर मारिओ ब्रदर्सपासून चालत आलेली आहे. आमच्या कोडमध्ये बोट बटणाच्या चौकटीबाहेर गेलं की बटण 'सुटलं' असं धरलं जायचं. तेलाने अंगठा पाच-सहा मिलिमीटर घसरायचा, चौकट ओलांडायचा आणि उडी मध्येच तुटायची. मे महिन्यातला घाम हेच करतो, त्यामुळे तेलावर खापर फोडू नका. बोट टेकलं की त्याचा आयडी लिहून ठेवा. तेच बोट काचेवरून उचललं जाईपर्यंत बटण दाबलेलं आहे असं माना, मग ते कुठेही घसरो.

इथे आयडी म्हणालो, क्रमांक नाही. हा फरक जपा. स्पर्शांच्या यादीतला पहिला, दुसरा असा क्रमांक धरून चाललात, तर डावा अंगठा उचलताच उजवा 'पहिला' होतो. धावणं थांबवलं की उडी सुटते किंवा पात्र भलत्याच दिशेला पळतं. असा दोष कधी दिसतो, कधी नाही, आणि म्हणूनच तो महिनाभर लपून राहतो.

"वळतच नाही, आणि बटणं फार आहेत"

डावीकडच्या आभासी स्टिकची (काचेवरच्या दिशा द्यायच्या दांड्याची) चूक जवळपास प्रत्येक जण करतो. मध्यबिंदू जागचा हलत नाही आणि धावण्याच्या भरात अंगठा उजवीकडे दूर जातो. मग डावीकडे वळायचं तर तेवढं अंतर परत यावं लागतं, तोवर शत्रूचा वार बसतो. मध्यबिंदू अंगठ्यामागे ओढत न्या. अंगठा ठरलेल्या त्रिज्येबाहेर गेला की मध्यही तेवढाच सरकला पाहिजे. मग वळायला दोन-तीन मिलिमीटर पुरतात. अंगठा जिथे टेकेल तिथेच स्टिक उगवू दे, म्हणजे खाली बघून जागा शोधावी लागत नाही.

उजवी बाजू जास्त अवघड. पॅडवर उडी आणि वार अंगठ्याकडे असतात, तर झेप तर्जनीकडे, वरच्या खांद्याच्या बटणावर. फोन दोन्ही हातांत धरला की तर्जन्या मागे फोनला आधार देतात. म्हणजे तीन कामं एकट्या अंगठ्यावर येतात. पॅडवरची सगळी बटणं काचेवर चिकटवून मोकळं होणं ही मला सर्वांत मोठी चूक वाटते, कारण ती पुढे कशानेही झाकता येत नाही.

वाटा दोन आहेत. एक म्हणजे खेळच एका अंगठ्यासाठी नव्याने बांधायचा. २०१६च्या सुपर मारिओ रनमध्ये मारिओ आपोआप धावतो, फोन उभा धरून एका हाताने खेळता येतं. दुसरी म्हणजे खेळ पूर्ण ठेवायचा आणि मदत द्यायची. डेड सेल्सच्या मोबाइल आवृत्तीत जवळच्या शत्रूवर आपोआप वार करण्याची सोय आहे. प्रिन्स ऑफ पर्शिया: द लॉस्ट क्राउन २०२४मध्ये कन्सोलवर आला, २०२५मध्ये फोनवर येताना त्यात काही कामं आपोआप होण्याचे पर्याय दिले गेले. आम्ही दुसरी वाट घेतली. उडीवरून अंगठा न उचलता वर सरकवला की झेप, असं केलं. भिंत धरून ठेवायला वेगळं बटण होतं ते काढलं, भिंतीकडे स्टिक ढकलली की पात्र आपणच धरतं. बटणांचा आकार आणि जागा खेळणाऱ्याला बदलता येऊ द्या. माझ्या आईचे आणि भाच्याचे अंगठे एकाच मापाचे नाहीत.

अँड्रॉइड १०पासून, म्हणजे २०१९पासून, हातवाऱ्यांनी फोन चालवायची सोय लावली असेल तर कडेवरून आत बोट ओढलं की फोन 'मागे' जातो. डावी स्टिक अगदी कडेला ठेवलीत तर ऐन लढाईत गेम बंद करायचा का, असं विचारणारी खिडकी येईल. कडेला मोकळी पट्टी सोडा आणि तो भाग सिस्टीमच्या हातवाऱ्यांतून वगळायची सोय वापरा.

"खड्डा दिसलाच नाही"

टीव्ही १६:९ असतो, आजचे बरेच फोन २०:९. दिसणारी रुंदी कायम ठेवलीत तर उंचीतला पाचवा हिस्सा कापला जातो, आणि प्लॅटफॉर्मरमध्ये तळाशी दरी असते. उंची कायम ठेवलीत तर रुंदीत पाव भाग जास्त दिसतो: लपवलेली खोली उघडी पडते, पडद्याबाहेर जन्मायला हवा तो शत्रू डोळ्यांसमोर प्रकटतो. आम्ही उंची कायम ठेवली आणि प्रत्येक पातळीत शत्रूंच्या जन्माच्या रेषा हातानं मागे सरकवल्या. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पळवाट नाही.

त्यात अंगठे स्वतः खालचे दोन्ही कोपरे झाकतात. कॅमेरा थोडा खाली न्या, म्हणजे पात्र पडद्यावर वर सरकतं आणि त्याच्या पायाखालची जमीन अंगठ्यांच्या वर येते. आकारही मोजून बघा. साडेसहा इंची २०:९ फोन आडवा धरला तर पडद्याची उंची भरते जेमतेम पावणेसात सेंटिमीटर. टीव्हीवर उंचीच्या बाराव्या हिश्श्याएवढा नायक इथे साडेपाच मिलिमीटरचा होतो, तुरीच्या दाण्याएवढा. कॅमेरा जवळ आणावाच लागतो. मग पुढचं कमी दिसतं, म्हणून तो धावण्याच्या दिशेला पुढे झुकवा.

"थोड्या वेळाने जड होतो"

पहिली पाच मिनिटं झकास, पंधराव्या मिनिटाला अडखळणं. कोडमध्ये मेमरीची गळती शोधण्याआधी फोनची पाठ हाताला लावून बघा. बहुतेक फोनांत पंखा नसतो. तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. आम्ही ही चाचणी मे महिन्यात, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, एसी न लावता केली. इंदूरचा पारा तेव्हा चाळिशीपार असतो आणि आपले खेळणारे अशाच खोल्यांत खेळतात. फोन ४ जीबी रॅमचा, पाठीला जाड कव्हर, चार्जर लावलेला, सलग अर्धा तास. या परीक्षेत जो उतरला तो खरा.

तापलेल्या फोनवर फ्रेमरेट आधी सोडू नका, रिझोल्यूशन सोडा. दोन्ही बाजू पाऊणपट केल्या की पिक्सेल ५६ टक्क्यांवर येतात. छोट्या पडद्यावर डोळ्याला ते फारसं जाणवत नाही, पण उडीला मिळणाऱ्या फ्रेम शाबूत राहतात. बटणं आणि अक्षरं मात्र पूर्ण रिझोल्यूशनवर ठेवा. पार्श्वभूमीचे पारदर्शक थर मोजा: धुकं, त्यावर धूळ, त्यावर प्रकाश. एकच पिक्सेल पाच-सहा वेळा रंगवला जातो. आम्ही सातातले तीन थर एकत्र करून टाकले. चित्रं एएसटीसी या चित्रं लहान करायच्या पद्धतीने दाबा. २०४८ बाय २०४८चं न दाबलेलं चित्र १६ एमबी खातं, ६ बाय ६ ठोकळ्यांत ते २ एमबीच्या आत येतं.

६० फ्रेम स्थिर असूनही हालचाल लडखडते? ९० हर्ट्झचा (सेकंदाला ९० वेळा चित्र बदलणारा) पडदा असेल तर ६० त्यात समान बसत नाही, काही फ्रेम ११ मिलिसेकंद टिकतात, काही २२. अशा फोनवर ९० किंवा ४५ निवडा, नाहीतर पडदाच ६०वर आणा.

"फोन आला आणि सगळं गेलं"

कन्सोलवर खेळणारा खेळ बंद करतो. फोनवर मावशीचा फोन येतो, ती पंधरा मिनिटं बोलते आणि तेवढ्यात सिस्टीमने मेमरीसाठी गेम मारलेला असतो. 'बंद होताना सेव्ह' हा कोड तेव्हा चालेलच याचा भरवसा नाही. गेम मागे जाताक्षणी सेव्ह करा. आधी वेगळ्या तात्पुरत्या फाइलमध्ये पूर्ण लिहा, मग तिचं नाव बदलून जुनीच्या जागी आणा, म्हणजे लिहिता लिहिता गेम मेला तरी जुना सेव्ह वाचतो. परत आल्यावर खेळ थेट सुरू करू नका, थांबलेला पडदा दाखवा. दोन चौक्यांमधलं (मेल्यावर जिथून पुन्हा सुरू होतं त्या जागांमधलं) अंतरही कमी करा. आमचं सात मिनिटांचं होतं, ते अडीचवर आणलं.

ब्लूटूथ इअरफोनवर आवाज १०० ते २०० मिलिसेकंद मागे राहू शकतो. त्यामुळे वार चुकवण्याची खूण फक्त आवाजावर ठेवू नका, डोळ्यालाही द्या.

"अक्षरं फुटतात"

खेळ मराठीत द्यायचा तर हे आधीच तपासा. युनिटीच्या टेक्स्टमेशप्रो या अक्षरं दाखवणाऱ्या भागात देवनागरीची अक्षररचना नीट होत नाही. वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडते, जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. 'शक्ती' आणि 'किल्ला' हे दोन शब्द टाकून बघा, लगेच कळेल. फॉन्ट बदलून हे सुटत नाही, कारण दोष फॉन्टचा नसून अक्षरं जुळवणाऱ्या इंजिनाचा आहे. गोडो ४ या दुसऱ्या गेम इंजिनात हार्फबझ ही अक्षरं जुळवणारी लायब्ररी आतच असल्याने तिथे देवनागरी बरोबर उमटते. आमचा गेम युनिटीतला, म्हणून मेन्यूतले ठरलेले शब्द आम्ही आधीच नीट जुळवून चित्रं म्हणून घातले आणि संवादांसाठी अक्षररचना करणारं वेगळं प्लगइन लावलं. अक्षरांचा आकार टीव्हीवरून उचलू नका. आईला चष्म्याशिवाय 'पुन्हा खेळा' वाचता आलं, तोच आकार आम्ही ठेवला.