घरात सिकलसेलचा रुग्ण असेल तर : सोलापूरच्या कुटुंबांसाठी मार्गदर्शन

महाराष्ट्रात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा विषय निघाला की गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार या जिल्ह्यांची नावे घेतली जातात. सोलापूर त्या पट्ट्यात येत नाही. तरीही नोकरी, शिक्षण, मजुरी किंवा लग्न यांमुळे त्या भागांतून आलेली कुटुंबे येथे राहतात आणि आनुवंशिक आजार त्यांच्याबरोबरच येतो. जिथे आजार विरळ असतो तिथे तो ओळखायला उशीर होतो : मुलाचे सांधे दुखले की संधिवात, चेहरा फिकट दिसला की लोहाची कमतरता आणि डोळे पिवळे झाले की कावीळ, अशी निदाने होत राहतात. त्यामुळे सोलापूरसारख्या ठिकाणी आजाराची माहिती आणि तपासणीचे कागद रुग्णाच्या घरीच पक्के असणे त्या जिल्ह्यांपेक्षाही अधिक गरजेचे आहे.

सिकलसेलचा दोष हिमोग्लोबिनच्या, म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या, घडणीतला आहे. त्याच्या ‘बीटा’ नावाच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरे अमिनो आम्ल येते. असे हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडल्यावर एकमेकांना चिकटून लांबट धागे तयार करते आणि एरवी गोल, लवचिक असणारी तांबडी पेशी विळ्यासारखी वाकून कडक होते. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस टिकते, तर ही पेशी 10 ते 20 दिवसांतच फुटते, म्हणून रक्त कायम कमी राहते. शिवाय अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि त्यापुढच्या भागाला ऑक्सिजन मिळत नाही. रुग्णाला असह्य होणारी वेदना त्यातूनच येते.

आई आणि वडील या दोघांकडूनही दोष आला तर मूल ‘एसएस’, म्हणजे ग्रस्त होते. एकाकडूनच आला तर ते ‘एएस’, म्हणजे वाहक असते आणि वाहकाला सहसा काहीही त्रास होत नाही. रक्ताची सोल्युबिलिटी चाचणी ही केवळ प्राथमिक चाळणी आहे. ती वाहक आणि ग्रस्त यांत फरक करत नाही, तसेच सहा महिन्यांच्या आतील बाळात ती विश्वासार्ह नसते. पक्क्या निदानासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी करावी लागते आणि ती रक्त चढवण्यापूर्वी करावी, कारण दात्याच्या रक्तामुळे अहवाल फसवा येऊ शकतो. चौकशीची सुरुवात शासकीय रुग्णालयातून, म्हणजे आपल्याकडे सिव्हिल म्हणतात तिथून, करणे सोयीचे ठरते.

रोजच्या जगण्यात सर्वांत मोठा प्रश्न पाण्याचा आहे. सोलापूरचा एप्रिल-मे 40 अंशांच्या वर जातो. शरीरातील पाणी कमी झाले की रक्त घट्ट होते आणि पेशी वाकण्याचा वेग वाढतो. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या वस्तीत रुग्णाचे पिण्याचे पाणी वेगळे भरून ठेवावे. यंत्रमागाच्या शेडमध्ये किंवा उसाच्या फडात काम करणाऱ्याने तहान लागण्याची वाट न पाहता ठरावीक वेळाने पाणी प्यावे आणि भर दुपारची कष्टाची कामे टाळावीत. निर्जळी उपवास या आजारात करू नये. रोजे ठेवायचे असल्यास आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

याला जोडून एक गोष्ट पालकांच्या सहसा ध्यानात येत नाही. या आजारात मूत्रपिंडांना लघवी दाट करता येत नाही, म्हणून मुलाला वारंवार लघवीला जावे लागते आणि मोठ्या वयातही अंथरूण ओले होते. त्यासाठी मुलाला रागावणे किंवा संध्याकाळनंतर त्याचे पाणी तोडणे हे दोन्ही चूक आहे, त्यातही दुसरे धोक्याचे. वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवण्याची आणि विचारताच बाहेर जाऊ देण्याची विनंती शिक्षकांना लेखी करावी.

उन्हाइतकीच थंडीही बाधते. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पहाटे बाहेर पडताना मुलाचे अंग पूर्ण झाकलेले असावे. कार्तिकीला चंद्रभागेत पहाटे बुडी मारण्याचा आग्रह धरू नये, कारण अंगावर अचानक पडलेल्या गार पाण्यानेही वेदनेचा झटका येऊ शकतो. याच कारणाने दुखऱ्या भागावर बर्फ कधीही लावू नये. कोमट शेक द्यावा, पाणी पाजावे, विश्रांती द्यावी आणि डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेली वेदनाशामक गोळी ठरलेल्या मात्रेत द्यावी. औषधाच्या दुकानातून मनाने घेतलेल्या गोळ्या मूत्रपिंडांना इजा करू शकतात. या उपायांनी वेदना आटोक्यात आली नाही तर रुग्णालय गाठावे. बाहेरून सूज किंवा जखम दिसत नसली तरी ही वेदना खरी असते, आणि ‘नाटक करतो’ हा शेरा रुग्णाला घरातूनच ऐकावा लागतो, याचे वाईट वाटते.

काही लक्षणांत मात्र घरगुती उपायांवर वेळ घालवू नये. 101 अंश फॅरेनहाइटच्या वर ताप, छातीत दुखणे किंवा धाप लागणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, अचानक पांढरेफटक पडणे किंवा लिंगाची न उतरणारी वेदनादायक ताठरता यांपैकी काहीही दिसल्यास त्याच वेळी निघावे. लहान मुलांत प्लीहेत, म्हणजे पोटात डावीकडे असणाऱ्या व संसर्गापासून बचाव करणाऱ्या अवयवात, एकाएकी रक्त साठून जीव धोक्यात येतो. म्हणून डाव्या बरगडीखाली पोट चाचपून प्लीहा कशी पाहायची, हे प्रत्येक आईने डॉक्टरांकडून हातानेच शिकून घ्यावे. प्लीहा दुबळी असल्याने न्यूमोनियासारखे संसर्ग या मुलांत फार लवकर बळावतात. न्यूमोकोकलसह सर्व लसी वेळेवर घ्याव्यात आणि पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन सांगितले असल्यास त्यात खंड पडू देऊ नये.

औषधांत हायड्रॉक्सियुरियाचे नाव सर्वांत महत्त्वाचे आहे. ते कर्करोगातही वापरतात हे कळल्यावर अनेक जण घाबरून सोडून देतात. प्रत्यक्षात ते गर्भातील बाळाच्या रक्तात असते त्या प्रकारच्या हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते आणि झटके कमी करते. परिणाम दिसायला काही महिने लागतात, तोवर धीर धरावा आणि रक्तपेशींची तपासणी सांगितलेल्या वेळी करून घ्यावी. मूल हवे असलेल्या जोडप्याने मात्र आधी डॉक्टरांना तसे सांगावे. फॉलिक आम्लाची गोळी बहुतेकांना दिली जाते. लोहाचे टॉनिक मात्र लोहाची पातळी तपासल्याशिवाय देऊ नये, कारण वारंवार रक्त चढवलेल्या शरीरात लोह आधीच साठलेले असू शकते. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी असा साधा आहार उत्तम. आजार मुळापासून घालवणारा काढा किंवा पदार्थ अस्तित्वात नाही. विडी-तंबाखू सोडावी.

लग्नाचा विचार आपल्या भागात टाळता येणार नाही, कारण मामाची मुलगी किंवा आत्याचा मुलगा पाहण्याची रीत येथे अजून आहे आणि एकाच घराण्यात दोघेही वाहक असण्याची शक्यता त्यामुळे वाढते. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत मूल ग्रस्त होण्याची शक्यता 25 टक्के, वाहक होण्याची 50 टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याची 25 टक्के असते. पहिले मूल ग्रस्त झाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब चुकीचा आहे. एक वाहक आणि दुसरा निर्दोष असेल तर सिकलसेल ग्रस्त मूल होत नाही. मात्र दुसऱ्याला थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या एका आनुवंशिक आजाराचा) दोष नाही, हे पाहायलाच हवे. पत्रिकेबरोबर दोघांच्या एचपीएलसीचे अहवालही पाहावेत. दोन वाहकांचे लग्न झालेच असेल तर गर्भाची तपासणी साधारण 10 ते 12 आठवड्यांत करता येते, म्हणून दिवस राहताच स्त्रीरोगतज्ज्ञांना कळवावे.

कागदांची एक फाइल करून तिची छायाचित्रे मोबाइलमध्येही ठेवावीत. तिच्यात एचपीएलसीचा मूळ अहवाल, रक्तगट, नेहमीचे हिमोग्लोबिन, आतापर्यंत चढवलेले रक्त, चालू औषधांच्या मात्रा आणि ॲलर्जी यांची नोंद असावी. नेहमीचे हिमोग्लोबिन 8 असलेल्या रुग्णाला 8 पाहून घाईने रक्त चढवले जाऊ नये, यासाठी ही नोंद उपयोगी पडते. दात काढण्यापूर्वी किंवा भूल घेण्यापूर्वी ही फाइल डॉक्टरांपुढे ठेवावी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश असल्याने दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो आणि एसटीच्या प्रवास सवलतीत सिकलसेलचे रुग्ण धरलेले असल्याने त्याची चौकशी आगारात करावी.