बाजाराच्या पिशव्यांवर कापडी आवरण शिवण्यापूर्वीची तयारी

घरात साठलेल्या बाजाराच्या पिशव्यांना कापडाचे आवरण शिवायचे ठरवल्यास सर्वप्रथम पिशव्याच निवडून घ्याव्यात. दुकानांत मिळणाऱ्या, कापडासारख्या भासणाऱ्या पिशव्या बहुधा पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकच्या असतात, आणि प्लास्टिक कचऱ्याविषयीच्या २०२१ च्या सुधारित केंद्रीय नियमांनुसार त्यांचे वजन चौरस मीटरला किमान ६० ग्रॅम असावे लागते; त्याहून पातळ पिशवीवर शिवणही टिकत नाही. स्कूटरच्या हुकाला अडकून उन्हात राहिलेली पिशवी चोळल्यावर भुकटी सुटत असेल, तर ती बाजूला काढावी, कारण हातात धरायचे बंद पिशवीलाच जोडलेले असल्याने सगळा भार तीच पेलते. निवडलेल्या पिशव्या गार पाण्यात साबणाने धुऊन सावलीत वाळवाव्यात.

आवरणासाठी मांजरपाट, जुनी चादर किंवा पडद्याचे जाडसर सुती कापड चांगले. लाल चौकडीचे जुने कुणबी लुगडे फार शोभून दिसते, मात्र त्याला कातर लावण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांची संमती घेतलेली बरी. सुती कापड धुतल्यावर आटते आणि गडद रंग सुटतो, म्हणून ते आधीच धुऊन, वाळवून, इस्त्री करून ठेवावे. पॉलिप्रोपिलीन सुमारे १६५ अंश सेल्सिअसला वितळते आणि सुती कापडासाठीची इस्त्री त्याहून बरीच अधिक तापते. त्यामुळे घड्या मोडण्यापासून कडा दुमडण्यापर्यंत इस्त्रीचे सारे काम कापड पिशवीवर चढवण्याआधीच उरकावे लागते.

मापे घेताना घाई करू नये. समजा, पिशवी ३८ सेंमी रुंद, ४० सेंमी उंच आणि बाजूला १५ सेंमी खोल आहे. तिचा घेर १०६ सेंमी होतो. तळ मोकळा ठेवून चारही बाजू झाकायच्या असतील, तर घेराचे दोन भाग करून प्रत्येक तुकडा, १ सेंमी सैलपणा आणि दोन्हीकडे दीड-दीड सेंमी माया (शिवणीत जाणारे जादा कापड) धरून, ५७ सेंमी रुंद लागतो, तर वरच्या दुमडीसाठी अडीच आणि खालच्या दुमडीसाठी दीड सेंमी धरून ४४ सेंमी उंच. ११० सेंमी पन्ह्याचे (रुंदीचे) ६० सेंमी कापड यासाठी पुरते, पण पन्हा धुतल्यानंतर पुन्हा मोजावा. नक्षी एकाच दिशेने उभी असेल, तर दोन तुकडे शेजारी बसत नाहीत आणि सुमारे ९० सेंमी कापड घ्यावे लागते.

बंद कसे जोडले आहेत, हे कापड कापण्यापूर्वी पाहावे. ते दोऱ्याने शिवलेले असतील तर उसवून, आवरण चढवून, पुन्हा त्याच जागी शिवता येतात. उष्णतेने चिकटवलेले असतील तर ओढून काढण्याचा मोह टाळावा आणि आवरणाची वरची कड बंदांच्या टोकांखाली संपेल असे माप धरावे.

शिवणयंत्राला १४ किंवा १६ नंबरची नवी सुई आणि पॉलिएस्टरचा दोरा लावावा व टाका ३ ते ४ मिलिमीटर लांब ठेवावा. बारीक टाक्यांनी पडलेल्या छिद्रांच्या रांगेवर पिशवी टपाल तिकिटासारखी फाटते, आणि ही छिद्रे पुन्हा बुजत नाहीत. याच कारणाने टाचण्यांऐवजी कपडे वाळत घालण्याचे चिमटे हाताशी असावेत. वरची कड यंत्रावर शिवता येते. सपाट पाट्याच्या यंत्रावर पिशवीचा तळ नीट फिरत नसल्याने खालच्या कडेसाठी हातसुई वेगळी काढून ठेवावी.

गणेश चवथीच्या माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीच्या, खरेदीला या पिशव्या हव्या असतील, तर धुण्या-वाळवण्याचे काम मे महिन्यातच आटोपावे. पावसात दमट राहिलेल्या जाड कापडाला बुरशी धरते. मासळीच्या पिशवीला मात्र आवरण शिवू नये. मासळीचे पाणी दोन थरांमध्ये मुरते आणि वास जात नाही, म्हणून ती पिशवी नळाखाली सहज धुता येईल अशी साधीच राहू द्यावी.