बीट कितीला द्यायची? मराठवाड्यातून ऑनलाइन बीट विकणाऱ्या नव्या पोरांसाठी

लातूर, नांदेड, परभणीकडची बरीच पोरं आता घरीच लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ हे म्युझिकचं सॉफ्टवेअर टाकून बीट, म्हणजे ज्यावर गायक गातो तो म्युझिक ट्रॅक, बनवायलेत आणि खरंच चांगल्या बनवायलेत, पण मेसेज सगळ्यांचा एकच येतो, भाऊ रेट किती ठेवू? मी संभाजीनगरला राहतो, बीटस्टार्स या बीट विकायच्या वेबसाइटवर माझं पेज आहे आणि इकडच्या गायकांनाही बीट देतो, त्या अनुभवावरून लिहितोय. सगळ्यात आधी हे डोक्यात फिट करा की रेट ठरतो तो हक्कावर. एकच बीट तुम्ही एकाला दीड हजारात आणि दुसऱ्याला तीस हजारात देऊ शकता आणि दोन्ही रेट बरोबर असतात, कारण दोघांनी काय घेतलं ते वेगळं आहे.

आपल्याकडं पद्धत पडली एकरकमीची. शिवजयंती नाहीतर भीमजयंती जवळ आली की फोन सुरू होतात, दादा गाणं टाकायचंय, ट्रॅक करून द्या, किती घेणार. आकडा ठरतो, पैसे फोनपेवर येतात, फाईल व्हॉट्सॲपवर जाते आणि कागद कुठंच नसतो. मग त्या बीटवर अजून कोणी गायचं का नाही, गाणं चाललं तर तुम्हाला काय, डीजेवाल्यानं रीमिक्स केलं तर कोणाला विचारायचं, यातलं काहीच ठरलेलं नसतं. ऑनलाइन मार्केटमधे हेच सगळं आधी लिहून ठेवतात आणि त्यावरच रेट लावतात.

हक्क दोन प्रकारे देतात, एक्स्क्लुझिव्ह आणि लीज. एक्स्क्लुझिव्ह म्हणजे खरेदीखत आणि लीज म्हणजे ठोक्यानं दिलेलं रान, फक्त इथं एकच रान एकाच वेळी पन्नास जणांना ठोक्यानं देता येतं. लीजच्या पायऱ्या असतात. एमपी३ लीज सगळ्यात स्वस्त, बाहेरच्या मार्केटमधे साधारण 20 ते 30 डॉलर, मग वेव्ह फाईलची, म्हणजे एमपी३ पेक्षा चांगल्या क्वालिटीच्या फाईलची, लीज 40-50 च्या आसपास, मग स्टेम्स म्हणजे ड्रम, बास, मेलडी सगळं वेगवेगळं देता ती 100 च्या घरात आणि अनलिमिटेड त्याच्या वर. खालच्या लीजला स्ट्रीमची, म्हणजे गाणं ऑनलाइन किती वेळा ऐकलं जाईल त्याची, मर्यादा टाकतात, 50 हजार किंवा 1 लाख, ती पार झाली की गायकानं वरची लीज घ्यायची. 2019 ला लिल नॅस एक्स या अमेरिकन रॅपरचं ‘ओल्ड टाऊन रोड’ बिलबोर्ड या अमेरिकेतल्या गाण्यांच्या यादीत 19 आठवडे एक नंबरला राहिलं, त्याची बीट त्यानं यंगकिओ नावाच्या डच प्रोड्युसरकडून ऑनलाइन 30 डॉलरला घेतलेली होती. नवी पोरं यातनं एवढंच घेतात की स्वस्त बीटचंही नशीब उघडतं, पण त्या बीटमधे नाईन इंच नेल्स या अमेरिकन रॉक बँडचा सॅम्पल, म्हणजे त्यांच्या रेकॉर्डिंगचा उचललेला तुकडा, होता आणि शेवटी त्यांनाही गीतकार-संगीतकारांच्या यादीत जागा द्यावी लागली. म्हणून सॅम्पल वापरलेली बीट विकत असाल तर ते घेणाऱ्याला आधीच सांगा, आणि अशी बीट एक्स्क्लुझिव्ह म्हणून तर विकूच नका, जे आपलं नाही ते कसं विकणार.

रुपयात काय ठेवायचं? माझं इकडच्या गायकांसाठी असं आहे, एमपी३ लीज 1,500, वेव्ह 2,500, स्टेम्स 5,000 आणि एक्स्क्लुझिव्ह 20 हजारांपासून पुढं. बरेच जण म्हणतात सुरुवातीला तीनशेला दे, नाव होईल. मला हे अजिबात पटत नाही. तीनशेला घेणारा नंतर तीनदा स्केल बदलून मागतो, तुमचा टॅग, म्हणजे बीटमधे मधे मधे वाजणारं तुमचं नाव, काढून मागतो, आणि पुढच्या वेळी तुम्ही हजार म्हणलात तर दुसरीकडं जातो. नाव करायचंच असेल तर टॅगवाली बीट फुकट ऐकायला ठेवा, रियाजाला आणि रीलला वापरू द्या, त्यानं लोक ओळखायला लागतात, पण जिथं पैसे घेताय तिथं रेटला मान पाहिजे.

घासाघीस होणारच, आपल्याकडं भाजीपासून म्हशीपर्यंत होते. माझा नियम असा की रेट कमी करायचा तर हक्कही कमी करायचा. गंगाखेडकडचा एक गायक होता, वेव्ह लीज पाहिजे होती, म्हणला दादा अडीच जमत नाही, दीड घ्या. मी म्हणलं दीडमधे एमपी३ देतो, 50 हजार स्ट्रीमपर्यंत, व्हिडिओ एकच, आणि पुढं वाढवायची वाटली तर हे दीड वळते करून घेईन. त्यानं घेतली, गाणं त्याच्या भागात बरं चाललं आणि तोच परत आला, वरचे हजार दिले, वेव्ह घेऊन गेला. नुसता डिस्काउंट दिला असता तर हे हजार आलेच नसते आणि त्यालाही माझा रेट खोटा वाटला असता.

एक्स्क्लुझिव्हचा आकडा मनानं सांगू नका, हिशोब करा. एखादी बीट महिन्याला दोन लीज देत असेल तर 1,500 नं वर्षाचे 36 हजार होतात, मग ती 10 हजारात कायमची देण्यात काय अर्थ? उलट जी बीट वर्षभर कोणी विचारली नाही ती 15 ला गेली तरी आनंदानं द्या. आणि आधी लीजवर दिलेल्यांचे हक्क एक्स्क्लुझिव्ह विकल्यावरही चालूच राहतात, हे घेणाऱ्याला लेखी सांगा.

कागदाचं लई महत्त्वाचं आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात, 1957 च्या, कलम 19 मधे लिहिलंय की हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा पाहिजे, आणि त्यात मुदत लिहिली नसली तर 5 वर्षं धरतात, कुठल्या भागासाठी ते लिहिलं नसलं तर फक्त भारत धरतात. म्हणजे मुदत आणि देश या दोन ओळींवर पण रेट कमीजास्त होतो. 2012 च्या दुरुस्तीनं अजून एक झालं, गाण्यात तुमचं संगीत वापरलं तर त्याच्या रॉयल्टीतला तुमचा वाटा कोणी लिहून घेऊ शकत नाही, तो फक्त वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. म्हणून “सगळे हक्क कायमचे” असा करार आला तरी ही गोष्ट लक्षात ठेवा आणि थोडं काम झालं की आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीचं सभासदत्व घ्या.

लीजच्या करारात कंटेंट आयडीची एक ओळ टाकाच. कंटेंट आयडी म्हणजे आपलं गाणं दुसऱ्याच्या व्हिडिओत वाजलं की आपोआप ओळखून क्लेम टाकणारी यूट्यूबची सिस्टिम. गायक डिस्ट्रिब्युटरकडून, म्हणजे गाणी ऑनलाइन ॲप्सवर पोचवणाऱ्या कंपनीकडून, गाणं टाकताना कंटेंट आयडी चालू करतो, मग तीच बीट लीजवर घेतलेल्या दुसऱ्या पोराच्या व्हिडिओवर क्लेम जातो आणि भांडण तुमच्या दारात येतं. लीजवाल्याला कंटेंट आयडी करायची परवानगी नाही, एवढं स्पष्ट लिहा.

आता जे मला सगळ्यात जवळचं आहे ते. ट्रॅपच्या, म्हणजे हिप-हॉपमधल्या एका प्रकारच्या, बीट्स जगात ढिगानं आहेत, तिथं तुम्ही रेटवरच भांडत बसता. पण हलगी, संबळ आपल्याकडं दारात आहे. मी बीड जिल्ह्यातल्या एका हलगीवाल्या काकांना बोलवून रेकॉर्डिंग केलं, आधी त्यांनी बाहेर कागद-पाचट पेटवून हलगी शेकली, कातडं ताणलं की मग आवाज कडक लागतो, खोलीत एक माइक जवळ एक लांब, आणि मधे मधे परत शेकायला बाहेर. त्यांना वाजवायचे पैसे वेगळे दिले, लूप, म्हणजे परत परत वाजवता येणारे रेकॉर्डिंगचे तुकडे, विकण्याचे वेगळे, आणि दोन्ही एका कागदावर मराठीत लिहून सही घेतली. त्या हलगीच्या बीट्स मी माझ्या बाकी बीट्सपेक्षा महाग ठेवतो आणि बाहेरच्या देशातले लोक पण घेतात, कारण तो आवाज त्यांना सॅम्पल पॅकमधे, म्हणजे तयार आवाजांच्या संचात, तसा भेटत नाही. कलाकाराला दिलेला पैसा रेटमधे धरायचा, तो तुमचा खर्च आहे.

पैशाच्या बाबतीत, पेपलनं 1 एप्रिल 2021 पासून भारतातल्या भारतात पेमेंट बंद केलंय, त्यामुळं पुण्याच्या गिऱ्हाईकाला यूपीआय आणि बाहेरच्याला पेपल असं दोन्ही ठेवावं लागतं. बाहेरच्या पेमेंटवर टक्केवारी कापतात, वर ठरलेला चार्ज आणि डॉलरचा रुपया करतानाचा फरक, म्हणून 5 डॉलरची बीट ठेवण्यात काही राहत नाही, 20 च्या खाली मी ठेवतच नाही.

ऑर्डरप्रमाणं बीट बनवून द्यायची असेल तर त्याचा मेहनताना लायसन्सच्या वर वेगळा लावा, निम्मा ॲडव्हान्स, बदल दोनदाच. आणि रेट वाढवायचा तर जुन्या गिऱ्हाईकांना आधी कळवा, त्यांना महिनाभर जुनाच रेट चालू ठेवा, या महिन्यात बरेच जण अडकवून ठेवलेली ऑर्डर देऊन टाकतात.