अपडेटनंतर प्रिंटर रुसला: बग कळवायचा कसा, तोवर काम चालवायचं कसं

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माल भरून टेम्पो उभा आहे आणि उबुंटू लिनक्सच्या मशीनवरून चलनच निघत नाही. कालपर्यंत निघत होतं. अशा वेळी घाईनं कप्स, म्हणजे छपाई सांभाळणारं सॉफ्टवेअर, काढून पुन्हा टाकू नका. सेटिंग जाऊ शकतात आणि कोणत्या आवृत्तीनं घोळ केला ते शोधणं अवघड होतं.

आधी विजेचं बघा. पावसाळ्यात अपडेट चालू असतानाच लाइट गेली, तर पॅकेज (सॉफ्टवेअरचा गठ्ठा) अर्धवट राहतं. तो बग नव्हे. टर्मिनलमध्ये 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' आणि मग 'सुडो एपीटी -एफ इन्स्टॉल' चालवा.

तरीही अडलं तर '/व्हार/लॉग/एपीटी/हिस्टरी.लॉग' उघडा. कुणी अपडेट केलं नसलं तरी बघाच, कारण उबुंटू सुरक्षेची अपडेट आपणहून टाकतं. 'अपग्रेड'च्या ओळीत पॅकेजचं नाव आणि कंसात जुनी-नवी आवृत्ती असते. दोन्ही लिहून ठेवा, पुढचं सगळं त्यांवरच चालतं. 'एपीटी पॉलिसी'पुढे पॅकेजचं नाव दिलं की ते कुठून आलंय तेही कळतं. पीपीएतून (इतर कुणी चालवलेल्या पॅकेजसाठ्यातून) किंवा प्रिंटर कंपनीकडून आलं असेल, तर तक्रार त्यांच्याकडेच करायची.

आता पुरावा. 'कप्ससीटीएल --डीबग-लॉगिंग' चालू करून एकच पान छापायला पाठवा, '/व्हार/लॉग/कप्स/एरर_लॉग'ची प्रत काढा आणि '--नो-डीबग-लॉगिंग' देऊन बंद करा. या लॉगमध्ये फायलींची आणि वापरणाऱ्यांची नावं येतात. लाँचपॅडवरचा (उबुंटूचे बग नोंदवायच्या वेबसाइटवरचा) बग सहसा जगाला दिसतो, म्हणून गिऱ्हाइकांची नावं आधी खोडा.

लाँचपॅडवर तोच बग कुणी नोंदवलाय का ते शोधा. सापडला तर 'मलाही हा त्रास आहे' अशी खूण करा आणि आपल्या आवृत्त्या खाली लिहा. नसेल तर 'उबुंटू-बग कप्स' चालवा. आवृत्त्यांची माहिती ते स्वतः जोडतं. डेबियनवर त्यासाठी 'रिपोर्टबग' आहे. शीर्षकात 'प्रिंटिंग चालत नाही' एवढंच लिहिलं तर कुणाला काही कळत नाही. प्रिंटरचं मॉडेल, नेमका एरर, कोणत्या आवृत्तीपर्यंत चालत होतं आणि कोणत्या पायऱ्यांनी बिघाड पुन्हा दिसतो हे सगळं इंग्रजीत द्या. 'रिग्रेशन-अपडेट' हा टॅग जरूर लावा. आधी चालणारी गोष्ट अपडेटनं बिघडली हे त्यावरून लगेच समजतं.

तोवर चलनं निघायला हवीत. 'सुडो एपीटी इन्स्टॉल पॅकेज=जुनी-आवृत्ती' करा, पण आधी '-एस' लावून नुसती तालीम घ्या. यादीत भलतीच पॅकेजेस निघून जाताना दिसली तर थांबा. 'एपीटी' उतरवलेल्या फायली इन्स्टॉलनंतर पुसून टाकतं, त्यामुळे जुनी आवृत्ती मशीनवर बहुधा नसतेच. लाँचपॅडवर त्या पॅकेजच्या पानावर मिळते. कप्सची भावंडं, म्हणजे त्याच सोर्समधून बनलेली पॅकेजेस, एकाच आवृत्तीची ठेवा. मग 'सुडो एपीटी-मार्क होल्ड' आणि त्या सगळ्यांची नावं द्या, म्हणजे ती आहेत त्याच आवृत्तीवर थांबतात.

होल्डनं सुरक्षेच्या दुरुस्त्याही अडतात. सप्टेंबर 2024 मध्ये कप्स-ब्राउज्डमध्ये नेटवर्कवरून वापरता येणारी फट उघड झाली होती. तेव्हा त्यावरचं होल्ड काढायचं विसरलेलं मशीन उघडंच राहिलं असतं. म्हणून बगच्या पानाची सूचना ईमेलवर येऊ द्या. दुरुस्ती आधी 'प्रपोज्ड'मध्ये, म्हणजे चाचणीच्या साठ्यात, येते आणि साधारण किमान 7 दिवस तिथं राहते. होल्ड काढून तिथून फक्त तेवढीच पॅकेजेस घ्या, खरं चलन छापून बघा आणि निकाल आवृत्तीसकट बगवर लिहा.